‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो, खरी अडचण तिथेच आहे

प्रश्न विचारणारे सर एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत सातवीला गणित शिकवतात, नोकरीचं दुसरंच वर्ष आहे, वर्गात ४८ मुलं. शाळेला स्मार्ट टीव्ही मिळालाय, ते व्हिडिओ दाखवतात, क्विझ घेतात, मुलं तेवढ्या वेळापुरती एकदम रमतात पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर काहीच आठवत नाही. मागची दोन बाकं झोपलेली असतात नाहीतर वहीत चित्रं काढत बसतात. मुख्याध्यापक म्हणतात तास आनंददायी करा. सरांचा प्रश्न असा की अजून नवीन काय केलं म्हणजे मुलांचं लक्ष टिकेल?

सर, मी २४ वर्षं शिकवतेय, बहुतेक सगळी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये, सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान. तुमचा प्रश्न वाचला आणि दोन मिनिटं थांबले, कारण माझ्या मते तुम्ही विचारलेला प्रश्न आणि तुमच्या वर्गातली अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही लक्ष टिकवण्याबद्दल विचारताय. पण मागच्या बाकावरच्या मुलाचं लक्ष का उडालं ते आधी बघायला हवं, आणि माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा उत्तर एकच निघतं, त्या मुलाचा धागा दोन-तीन इयत्ता आधीच सुटलेला असतो. तो आज कंटाळलेला नाहीये, त्याला समोर काय चाललंय तेच कळत नाहीये. आपल्याला अजिबात येत नसलेल्या भाषेतलं भाषण रोज ३५ मिनिटं ऐकायला बसवलं तर आपणही चित्रंच काढू. मग व्हिडिओ कितीही रंगीत असू दे, तो सातवीचा असतो आणि मूल अडकलंय चौथीत.

आता यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे ते आधी सांगते, म्हणजे नंतर गैरसमज नको. ४८ मुलं आणि २२ मुलं यात फरक आहे. सेमी इंग्रजी असेल तर अजून वेगळं, कारण तिथे गणित येत नाही की शब्द कळत नाही हे पटकन ओळखूच येत नाही. घरी बंजारांची गोरमाटी किंवा पावरा आदिवासींची पावरी बोलणारी मुलं असतील तर तेही बघावं लागतं. आणि झोपणारी मुलं, त्यांच्याबाबतीत पहिलं काम म्हणजे सकाळी किती वाजता उठतात आणि शाळेत यायच्या आधी काय काय काम करतात हे विचारा, पहाटे दूध काढून डेअरीवर घालून आलेलं पोर दुपारी दोनला डुलक्या घेणारच, तिथे कुठलीही अध्यापन पद्धती चालत नाही, त्याचं जड काम पहिल्या तासाला करून घ्यायचं एवढंच आपल्या हातात. आणि एक गोष्ट जी आपण सगळेच विसरतो, मागच्या बाकावरून फळा दिसतो का ते बघा. फळ्यावर नेहमीच्या अक्षरात पाच आकडे लिहा आणि एकेकाला जागेवरून हळू आवाजात तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. मला दोन वर्षांत तीन मुलं अशी सापडली ज्यांना आम्ही सगळे आळशी समजत होतो आणि त्यांना फक्त चष्मा हवा होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा ही नावं त्यांना आवर्जून सांगायची.

हे सगळं बाजूला काढल्यावर जी मुलं उरतात त्यांच्याबद्दल आता बोलू.

मला एक मुलगी आठवते, सातवीत होती. तिसऱ्या बाकावर बसायची, वहीच्या मागच्या पानांवर ठिपक्यांच्या रांगोळ्या काढायची, इतक्या सुबक की रागावणं जिवावर यायचं. मी तिला ‘गणितात रस नाही’ या खात्यात टाकून मोकळी झाले होते. त्या वर्षी जूनमध्ये मी सगळ्यांना एक कागद दिला, दहा गणितं, तिसरीपासून सहावीपर्यंतची, मार्क नाहीत, नाव वाचून दाखवणार नाही असं आधीच सांगितलं. तिचा कागद बघितला आणि मी चक्रावले. मोठ्या संख्यांचे गुणाकार बरोबर, अपूर्णांकांची तुलना बरोबर, पूर्णांक संख्या बरोबर, आणि दशांश अपूर्णांक शून्य, परिमिती-क्षेत्रफळ शून्य, शतमान शून्य. ‘कच्ची’ मुलगी अशी एका बाजूने पक्की आणि दुसऱ्या बाजूने कोरी कशी असेल? पुस्तकं काढून बसले तेव्हा लक्षात आलं, तिला न येणारं सगळं पुस्तकाच्या दुसऱ्या भागात सुरू होणारं होतं, पाचवीच्या नाहीतर सहावीच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळीबरोबर ही निघायची आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परत यायची. दरवर्षी तिचं तेच सत्र बुडत होतं. तिच्या गणितातली भोकं साखर कारखान्याच्या हंगामाच्या मापाची होती, आणि आमच्यापैकी कुणी ती तीन वर्षांत पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही.

तुमच्याकडे ऊसतोड नसेल, पण प्रत्येक न येण्याला असाच काहीतरी इतिहास असतो. कुणी चौथीत सहा महिने आजारी होतं, कुणाची शाळा बदलली, कुणाचं पहिली-दुसरीचं वय २०२० नंतरच्या बंद शाळेत गेलं. लोक म्हणतात आठवीपर्यंत ढकलतात म्हणून असं होतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झालीय, तुमची मुलं पुढच्या वर्षी त्यालाच बसतील, पण परीक्षा फक्त येत नाही एवढं सांगते. कुठे अडलंय ते शोधायचं काम वर्गावरच्या शिक्षकालाच करावं लागतं.

म्हणून माझा पहिला सल्ला, पुढचे दोन दिवस नवीन काही शिकवू नका, असा एक कागद काढा. दहाच प्रश्न, पण निवडून. हातच्याची वजाबाकी एक पाहिजेच, आणि त्यात मधे शून्य असू द्या, उदाहरणार्थ ४०३ वजा १५८. याचं उत्तर २४५. पण तुम्हाला काही कागदांवर ३५५ दिसेल. ते चुकून आलेलं नसतं, त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केलाय, ४ मधून १, ५ मधून ०, ८ मधून ३. त्याच्याकडे नियम आहे, फक्त चुकीचा आहे, आणि तो तीन-चार वर्षं इमानदारीने वापरतोय. एक साधा भागाकार ठेवा, तीन अंकी भागिले एक अंकी. एक ऐकून लिहायचा प्रश्न ठेवा, ‘सत्तेचाळीस लिहा’, कारण बोलताना सात आधी येतो म्हणून ७४ लिहिणारी मुलं सातवीतही सापडतात. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण त्यामागची अडचण खरी होती, मी वर्गात दोन्ही म्हणून घेते.) आणि एक अपूर्णांकाची बेरीज. ‘असर’ या शिक्षण-सर्वेक्षणाचे लोक २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आणि अशीच वजाबाकी-भागाकार देतात, तोच विचार आहे, इयत्ता विचारू नका, येतं काय ते बघा.

कागद तपासताना बरोबर-चूक करू नका, चूक कशी झाली ते समासात दोन शब्दांत लिहा, ‘हातचा नाही’, ‘छेद मिळवले’, ‘पाढा चुकला’. ४८ कागदांना दोन संध्याकाळी जातात. पण त्यानंतर तुम्हाला ४८ मुलं दिसणार नाहीत, चार-पाच गट दिसतील, आणि ते आटोक्यातलं काम आहे. गटांना हुशार-ढ अशी नावं मात्र देऊ नका, फळं-फुलं-पक्षी असलंही नको, मुलांना पहिल्या दिवशीच कळतं कुठला पक्षी म्हणजे काय. मी सरळ सांगते, ‘आज हे आठ जण माझ्याबरोबर हातच्याची वजाबाकी पक्की करणार’, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कशासाठी दुसरे आठ जण, त्यात पहिल्या नंबरची मुलगीही असते.

आता अडलेल्या जागी शिकवायचं कसं, त्याचं एक उदाहरण देते कारण तुमचा सातवीचा परिमेय संख्यांचा धडा याच्यावर उभा आहे. १/४ + १/२ दिलं की भरपूर मुलं २/६ लिहितात, वरचे वर मिळवले, खालचे खाली. आपण लगेच फळ्याकडे वळून लसावि काढायला लागतो. मी आता तसं करत नाही. मी विचारते, ‘दुकानात जाऊन पाव किलो साखर घेतली, नंतर आईने अजून अर्धा किलो आणायला लावली, एकूण किती?’ मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘पाऊण किलो बाई’. विचारही करावा लागत नाही. मग मी फळ्यावर त्याच्याच वहीतलं २/६ लिहिते, नाव न घेता, आणि एक भाकरी काढते, सहा तुकडे करते, दोन रंगवते. ‘हे अर्ध्यापेक्षा जास्त आहे का कमी?’ कमी. ‘अर्धा किलो तर आधीच पिशवीत होती, तिच्यात अजून टाकली आणि अर्ध्यापेक्षा कमी झाली?’ इथे वर्गात जी शांतता होते ना सर, त्या शांततेसाठी मी शिकवते. ती दहा-बारा सेकंदं टिकते, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘म्हणजे खालचे नाही मिळवायचे.’ का नाही मिळवायचे ते मग कागदाच्या पट्टीची घडी घालून त्यांनाच शोधू द्यायचं, उदाहरणार्थ १/२ आणि १/३ च्या बेरजेसाठी एकाच पट्टीचे सहा भाग केले की अर्ध्यात तीन येतात, तिसऱ्या हिश्शात दोन, मिळून पाच सहांश. लसावि हा शब्द त्यानंतर. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे शब्द मुलं बोलायला लागल्यापासून वापरतात, आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी-निमकी-दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले, म्हणजे अपूर्णांक त्या पोराला येतो, फक्त वहीतला अपूर्णांक आणि दुकानातला अपूर्णांक एकच आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ज्या दिवशी त्याला ते कळतं त्या दिवशी तो झोपत नाही, हे मी खात्रीने सांगते.

दुसरी गोष्ट, ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद करा. आपण विचारतो, वर्ग एका सुरात ‘होऽऽ सर’ म्हणतो, आपण पुढे जातो. ज्याला समजलं नाही तो सगळ्यांत मोठ्याने ‘हो’ म्हणतो, कारण त्याला लपायचं असतं. आणि हात वर करायला सांगितलं तर तेच सहा हात. म्हणजे ३५ मिनिटांत सहा मुलांनी विचार केला आणि ४२ जणांनी बघितलं. माझ्याकडे यावर उपाय म्हणजे पाटी. खरीखुरी पाटी, चालत असेल तर तीच, सातवीच्या मुलांना लाज वाटत असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कोरा कागद घालून व्हाइटबोर्ड मार्कर आणि पुसायला जुनं कापड. दर सात-आठ मिनिटांनी एक छोटा प्रश्न, सगळ्यांनी लिहायचं, पाटी छातीशी उलटी धरायची, आणि ‘एक दोन तीन, वर!’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम दाखवायची. एकदम, हे महत्त्वाचं, नाहीतर शेजारचं बघून लिहितात. दहा सेकंदात तुम्हाला ४८ उत्तरं दिसतात. पाच-सहाच चुकली तर पुढे जा आणि त्यांना नंतर घ्या, पंधरा चुकली तर तुमचंच सांगणं बदला.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी वर्गातली संभाषणं टेप करून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखाद सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलं मोठी उत्तरं देतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलतात. मी मनात पाच आकडे मोजते. पहिल्या आठवड्यात ते पाच आकडे फार लांब वाटतील, तरी मोजा.

आता तुमचा खरा त्रास, दुसऱ्या दिवशी सगळं विसरतात. यात टीव्हीचा दोष नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग आला, विद्यार्थ्यांना उतारा दिला, काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. तुमचा व्हिडिओचा तास बघा, मुलं बघतात, टाळ्या वाजवतात, तासाच्या शेवटी विचारलं की सांगतातही, ते पाच मिनिटांनंतरचं यश आहे. आठवायला कुणी लावलंच नाही तर उद्या ते राहणार कसं? म्हणून माझा तास सुरू होतो तो न बघता सोडवायच्या तीन गणितांनी, एक कालचं, एक मागच्या आठवड्यातलं, एक मागच्या महिन्यातलं. सहा-सात मिनिटं. वही-पुस्तक बंद. मार्क नाहीत, उत्तर फळ्यावर, ज्याचं त्याने तपासायचं. गृहपाठही तसाच, तीनच गणितं, कारण वीस दिली की गाईडमधून उतरवतात आणि त्यात हाताशिवाय काहीच चालत नाही.

टीव्ही बंद करा असं मी म्हणत नाही. पुस्तकातले क्यूआर कोड, दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ मीही वापरते, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला त्यात क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता, तेव्हा साधन वाईट नाहीच. फक्त व्हिडिओ सलग लावू नका. दोन मिनिटांनी थांबवा, ‘आता पुढे काय करेल?’ विचारा, पाटीवर लिहून घ्या, मग चालू करा. दहा मिनिटांचा व्हिडिओ पंचवीस मिनिटं चालतो, चालू द्या. आणि क्विझमध्ये आधी दाबेल त्याला पॉइंट हा नियम काढून टाका. त्या खेळात तीच सहा मुलं जिंकतात आणि बाकीच्यांना रोज एकदा जाहीरपणे कळतं की आपण हळू आहोत. त्यापेक्षा दोघांत एक उत्तर, एक मिनिट चर्चा, मग सगळ्यांनी एकदम दाखवायचं. जोड्या करताना पहिला आणि शेवटचा अशी जोडी लावू नका, पहिला सांगतो आणि शेवटचा लिहितो, थोडंच अंतर असलेले दोघे बसवा म्हणजे दोघंही बोलतात.

मग पोर्शन कधी पूर्ण करायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, मला माहितीय, वरून यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम, कार्यक्रम, सगळं आहेच. माझं गणित असं आहे की पहिले तीन आठवडे रोज पंधरा मिनिटं मागचं भरून काढायला द्यायची, मग आठवड्यातून दोन दिवस. हा वेळ फळ्यावरून उतरवून घेण्यातून काढा, कारण आपल्या तासातला सगळ्यांत जास्त वेळ त्यात जातो. सरावसंचातली सगळी गणितं वर्गात सोडवायची नाहीत, प्रत्येक प्रकारची एक-दोन घ्यायची. पहिल्या सत्रात तुम्ही समांतर तुकडीच्या मागे पडाल, मीही पडायचे, आणि मुख्याध्यापकांनी विचारलं तर जूनचे आणि सप्टेंबरचे कागद शेजारी ठेवून दाखवा, त्यांनाही पुरावाच हवा असतो. समीकरणं आली की तुम्ही वेग धराल कारण तेव्हा दर दोन मिनिटांनी भागाकारापाशी थांबावं लागत नाही.

सगळी मुलं तीन आठवड्यांत सुधारतील असं नाही हेही सांगून ठेवते. काहींना पूर्ण वर्ष लागतं, एखाद-दुसरं मूल असं असतं की ज्याला आपल्यापेक्षा विशेष शिक्षकांची गरज असते, तिथे तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे, विशेष शिक्षक असतात त्यांना बोलवा, उशीर करू नका.

त्या ऊसतोडीच्या मुलीला मी दशांश अपूर्णांक रुपये-पैशांनी शिकवले, मधल्या सुट्टीत, दिवाळीपर्यंतच वेळ होता. त्या वर्षी ती गेली नाही, आजीजवळ राहिली, गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली होती त्यामुळे दोन वेळचं जेवण तिथे मिळायचं. दुसऱ्या सत्रात पहिल्यांदाच ती वर्गात होती, आणि क्षेत्रफळ शिकवताना तिने वहीच्या मागच्या पानावरची ठिपक्यांची रांगोळी उघडून मला विचारलं, ‘बाई, याच्या आतले चौकोन मोजले तर तेच ना?’ तेच होतं.

तर सर, आधी कागद काढा. कुठला प्रश्न घालावा असं अडलं तर मागच्या दोन इयत्तांचे कुठले धडे झालेत ते लिहा, माझ्याकडचे प्रश्न टाकते. आणि कागद तपासून झाले की सगळ्यांत जास्त वेळा दिसलेली एक चूक इथे लिहा, तिच्यापासून सुरुवात करू.